न भरलेला खड्डा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वेडंवाकडं आहे, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

आज शेजारी पाया खणताना ओल्या मातीचा वास आला आणि पिंपळवंडीची आमची एकुलती एक जागा आठवली. घरासाठी तिघांचे दर ऐकून ओतूरचा मिस्त्री ठरवला होता. जमीन पारखायला त्यानं गुडघाभर खड्डा खणला आणि तीच माती परत आत लोटली. जागा चांगली असेल तर माती उरायला हवी होती. खड्डा निम्माच भरला.

"उंदरांनी खाल्ली का राव?" आमचे मालक हसले.

मिस्त्री हसला नाही. "वहिनी, हितं ऱ्हायचं नाय बगा."

घर होणार नाही म्हणून मला तेव्हा रडू आलं. आता अंगावर काटा येतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात माती आणखी खाली गेली होती.

मिस्त्रीनं इसाराचे सगळे पैसे मालकांच्या हातावर ठेवले आणि मागं न बघता निघून गेला.