हळू आवाजातलं भांडण

"बॅग खाली ठेव."

"आई, मी नुसती बघायला चाललेय."

"बघायला जाणाऱ्याला पोहायचा चष्मा लागत नाही."

"तू माझी बॅग उघडलीस?"

"तूच उघडी टाकली होतीस. आणि हळू बोल."

"मी हळू बोलू? भांडतेयस तू!"

"मीसुद्धा हळूच भांडतेय."

ते खरंच होतं. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, आईच्या मानेची शीर ताठ झाली होती, पोरीच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. पण शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असतं तर त्याने कूससुद्धा बदलली नसती. त्या घरात आता कुणी आवाज चढवत नसे. दारावरची बेल बापाने स्वतः काढून टाकली होती. सात मजली हसणारा माणूस, हल्ली हसू आलं की तोंडावर हात ठेवायचा. दारं आपटू नयेत म्हणून चौकटींना रबराच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पाहुण्यांना वाटायचं, काय शांत घर आहे! शांत कसलं, जीव मुठीत धरून बसलेलं घर होतं ते.

शांत करणं हा तर आईचा धंदाच. दवाखान्याच्या तळमजल्यावर, पडद्याआडच्या खोलीत ती हृदयाच्या पट्ट्या, म्हणजे ईसीजी, काढायची. छातीला गार जेल लावायचं, तारा जोडायच्या, कागद सरकू द्यायचा. पण तारा जोडायच्या आधी ती माणसाला निववायची. "आजोबा, मूठ सोडा, मी काही लुटायला आले नाहीये." "काकू, श्वास घ्या, त्याला पैसे पडत नाहीत." माणूस हसायचा, सैलावायचा, एखादा घोरायलाही लागायचा. मग पट्टी अशी स्वच्छ यायची की डॉक्टर म्हणायचे, ही अंगाईबाईची पट्टी दिसते. नाव पडलं ते पडलंच. तिलाही ते आवडायचं.

तिची मुलगी पाण्यातच वाढली. बापाने लाडाने बेडकी म्हटलं आणि तेच टिकलं. शर्यतीच्या शिट्टीला ती पहिल्यांदा कोसळली तेव्हा सगळे म्हणाले, उपाशी पोटी गेली असेल. मग रस्त्यात कुत्रं मागे लागलं आणि ती पुन्हा पडली, तेव्हा म्हणाले, या वयात होतं असं. आई मात्र तिला आपल्या खोलीत घेऊन गेली. आपल्याच टेबलावर झोपवलं, कपाळावर हात ठेवला, लहानपणीच्या फजितीच्या गोष्टी सांगितल्या. बेडकी हसली, निवांत झाली. पट्टी निर्मळ आली. पुन्हा काढली, पुन्हा निर्मळ. आईने सुटकेचा नि:श्वास टाकला.

आईला एक भाऊ होता. पट्टीचा पोहणारा. कुणी अंगावर ओरडलं की डोळे फिरवून पडायचा, म्हणून घरात नाटक्या म्हणायचे. तो भर दुपारी, लोकांच्या देखत, पाण्यात बुडून गेला. पायात गोळा आला असेल, असं ठरलं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

घरात कुणी असं अचानक गेलंय का, हे विचारलं ते नव्या डॉक्टरणीने. मग पट्ट्या उलटसुलट करत ती म्हणाली, "बाई, हिला पळवून काढलीत का कधी?"

नव्हती काढली.

मग बेडकीला ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्यावर चढवलं. झटका द्यायचं यंत्र शेजारी तयार होतं. आई पोरीचा हात धरून उभी राहिली. ठोके वाढले, पण पट्टी निर्मळच.

"बाई," डॉक्टरीण म्हणाली, "तुम्ही तिचा हात सोडा."

तिने सोडला. वेग वाढला. आणि कागदावर एक ठोका वर, एक खाली, एक वर, एक खाली, असा दात विचकल्यासारखा आकार उमटला. डॉक्टरणीने झटकन पळता पट्टा थांबवला. आईने उभ्या आयुष्यात अशी पट्टी काढली नव्हती. काढणार कशी? जो आजार घाबरल्यावरच तोंड दाखवतो, त्याला ती रोज थोपटून निजवत होती.

डॉक्टरणीने बेडकीला समोर बसवून सांगितलं, "हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं कोठार असतं. ठोक्याची वेळ झाली की बाहेरून चिमूटभर कॅल्शियम आत येतं आणि कोठाराची कडी वाजवतं. दारं उघडतात, आतला साठा बाहेर येतो, पेशी आवळते. मग दारं मिटतात, साठा पुन्हा आत भरला जातो. हे प्रत्येक ठोक्याला. तुझ्या दारांच्या कड्या सैल आहेत."

"मग आजवर कसं भागलं?"

"शांत असतेस तेव्हा कडी धरते. धावलीस, घाबरलीस, चिडलीस की अंगात अ‍ॅड्रेनलीन उसळतं. कोठार तुडुंब भरतं, कडी आणखी ढिली होते. मग न बोलावता दार उघडतं."

"एक दार उघडलं तर एवढं काय!"

"सभागृहात एकाने चुकून आधीच टाळी वाजवली की काय होतं? शेजारचा वाजवतो, मग सगळे. तसं. दाराला लागून दार उघडत जातं, भलत्या वेळी ठोका पडतो. त्यावर दुसरा. शेवटी हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही."

बेडकी आईकडे वळली. "आणि तू जन्मभर माझ्यामागे दुधाचा पेला घेऊन! पी, कॅल्शियम मिळतं!"

"दुधाचा काही दोष नाही," डॉक्टरीण म्हणाली. ती हसली नाही. "अ‍ॅड्रेनलीनला आवर घालणारी गोळी रोज. एकही चुकवायची नाही. आणि पोहणं बंद."

आणि आज निवड होती; म्हणूनच ती बॅग. संघात कोण जाणार ते आज पाण्यात ठरणार होतं.

"गोळी घेतली की पाणी चिखल होतं, आई. हात उचलत नाही. माझ्या मागच्या पोरी पुढे जातात."

"जाऊ देत."

"तुझं काय जातं म्हणायला!"

"माझं? माझा भाऊ गेला."

"मी मामा नाहीये!"

"त्यालाही वाटायचं, आपल्याला काही होणार नाही. हळू."

"ओरड ना एकदा!" बेडकी दातांतून म्हणाली. "दुसऱ्यांच्या आया कशा ओरडतात! तू नुसती थोपटतेस. मला घरात राहून काचेचं भांडं झाल्यासारखं वाटतं."

आईलाही ओरडावंसं वाटलं. बॅग हिसकावावी, दारात आडवं पडावं, एक सणसणीत ठेवून द्यावी. तिने एक पाऊल टाकलंही. बेडकीच्या गळ्याशी शीर उडताना दिसली. भराभर. आई जागीच थांबली. हात खाली गेला.

बेडकीने वाकून बुटाची नाडी बांधली. सावकाश, मान वर न करता.

"बेडके," आई म्हणाली, पलंगावरच्या रोग्याशी बोलावं तितक्या मऊ आवाजात. "मी अडवत नाही. एवढंच सांग. सकाळची गोळी घेतलीस ना?"

बेडकीने बॅग खांद्याला लावली. दार उघडलं, बाहेर पडली, दार ओढून घेतलं. रबराच्या पट्टीवर ते मिटलं; आवाज झाला नाही.

आई दाराला कान लावून उभी राहिली. पावलं जिना उतरत होती. आधी हळू. मग धावत.