पेल्याचा तळ दिसला पाहिजे

मी ठेचा खायचा सोडला आणि वहिनींच्या ते लगेच लक्षात आलं. बायकोला तर आनंद झाला होता की माणूस उशिरा का होईना शहाणा झाला. पण वहिनींनी एका दुपारी मला गोठ्यापाशी गाठलं.

"भावजी, तुमच्या भावानं बी आधी ठेचाच सोडला व्हता. खरं सांगा, रक्त पडून राहिलं का?"

"उष्णता झाली असंल, वहिनी."

"त्यायनी बी हेच सांगितलं व्हतं मला," त्या म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. खरं ऐकल्याशिवाय त्या हलणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून सांगून टाकलं.

माझा थोरला भाऊ मूळव्याध समजून किती दिवस कुणाकुणाच्या पुड्या खात राहिला. दवाखान्यात नेला तेव्हा आतड्याचा कॅन्सर पार पसरला होता. त्यामुळे रक्त दिसल्यापासून मला झोप नव्हती. दिवसभर मी चारचौघांत मात्र हसायचो. मला मरायचं नव्हतं, आणि भावासारखं तर मुळीच मरायचं नव्हतं.

वहिनींनी आठवड्याच्या आत मला नांदेडच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. डॉक्टर तरुण आणि मोकळे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कोलोनोस्कोपी करू. शौचाच्या जागेतून एक बारीक नळी आत घालायची. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. मोठं आतडं आतून स्वच्छ दिसतं."

"कुठून म्हणालात?" मी विचारलं. ऐकलं बरोबर होतं, पण एखाद्या वेळी डॉक्टर विचार बदलतील असं वाटलं. त्यांनी तीच जागा पुन्हा सांगितली.

गावात अशी बातमी दाबून राहत नाही. शेजारच्या हट्टा गावच्या बाजारापर्यंत ती माझ्याआधी पोचली होती. पारावरचा एक जण म्हणाला, "दादा, टीव्हीवर दिसणार म्हणं तुमी!" दुसऱ्याला काळजी होती की डॉक्टरनं फोटो काढला तर तो कुणी ओळखेल का. मीही हसून घेतलं. हसण्यावारी नेलं की भीती जरा दमानं घेते.

नर्सबाईंनी आहार समजावून सांगितला होता. आधीचे काही दिवस पालेभाजी नाही, बियांचं काही नाही, शेंगदाणे-तीळ नाहीत. मऊ भात, ताक, असलंच काहीतरी. आदल्या दिवशी तर जेवणच बंद, फक्त पातळ आणि आरपार दिसेल असं प्यायचं. "पेल्यात ओतल्यावर तळ दिसला पाहिजे," बाई म्हणाल्या. "साधं पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं काही नको." वहिनींनी ते मनात पक्कं बसवलं.

आमच्याकडे हळद शिजवण्याचे दिवस होते. शेतात हळदीचा मोठा कुकर पेटलेला, मजूर लावलेले, त्यामुळे बायको घरी राहिली आणि वहिनी माझ्याबरोबर आल्या. तसंही त्यांनी दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नसतं. दवाखान्याजवळच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या. खोली बघताना मी फक्त संडास कुठं आहे आणि कडी नीट लागते का, एवढंच बघितलं.

संध्याकाळी ती पावडर पाण्यात कालवून प्यायला सुरुवात केली. लिंबू-सोड्यात मीठ सांडावं तशी चव. पहिला पेला गेला, दुसरा गेला, पोट गप्पच. मला वाटलं, आपलं आतडं शेतकऱ्याचं आहे, असल्या पावडरीला दाद देणार नाही. अन् मग जे सुरू झालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. कॅनॉलला पाणी सुटल्यासारखं सुटलं. जो कुणी ही तपासणी करणार असेल त्याला माझा एवढाच सल्ला, की त्या वेळी फोन घ्यायचा नाही आणि लांब शर्ट घालायचा नाही.

पेल्यापेल्यामागे वहिनी दार वाजवून आपला थर्मास पुढे करायच्या. त्यात पिवळंधमक पाणी. "घ्या भावजी. ताकद राहती."

"हे काय आहे?"

"हळदीचं पाणी. घरची सेलम हळद हाय. फडक्यातून दोनदा गाळलंय. हे बघा, पेल्याचा तळ दिसून राहिला का न्हाई?"

तळ दिसत होता. नियमात बरोबर बसत होतं. शिवाय बोट कापलं तर हळद, खोकला झाला तर हळद, बैलाच्या खांद्याला जखम झाली तरी हळद, असल्या गावातला मी. आत जखम असेल तर ती भरून येईल असं वहिनींना वाटत होतं आणि, खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं. सकाळच्या पावडरीबरोबरही थर्मास रिकामा केला.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "आता पाणी कसं होतंय?"

"पिवळं."

"छान! फिकट पिवळं म्हणजे पोट साफ झालं," त्या म्हणाल्या. किती पिवळं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मागून उघडा असा एक झगा दिला. तो घालून चालताना माणूस भिंतीला पाठ लावूनच चालतो. डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, हातात सुई टोचली. डोळ्यांवर झापड आली पण पूर्ण झोप लागली नाही. पोट फुगल्यासारखं वाटलं, थोडी कळ आली, बस. ज्या नळीला मी महिनाभर भ्यालो ती कधी आत गेली ते कळलंही नाही.

तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला, "अरे, हे काय? भिंतींना हा पिवळा थर कसला? काय प्यायलात तुम्ही?"

"घरची सेलम," मी झोपेत सांगितलं.

त्यांना आतडं धुवावं लागलं. पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. नंतर त्यांनी मला आणि वहिनींना समोर बसवून ऐकवलं. आणखी थोडी हळद असती तर त्यांनी मला तसंच परत पाठवलं असतं. तो थर धुतल्यावर खाली तुरीच्या दाण्याएवढा मांसाचा एक कोंब सापडला होता. त्यांनी तो नळीतूनच काढला आणि तपासायला पाठवला.

"केलं म्याच," वहिनी खाली मान घालून म्हणाल्या. "त्यायचा काही दोष न्हाई." डॉक्टरांचा राग तिथंच उतरला.

त्या दिवशी माझ्या पोटातली हवा निघत राहिली आणि पारावरच्या मंडळींना पुढचे कित्येक दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. पण रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. बायकोनं देवापुढचा दिवा विझू दिला नाही. मी हळद पसरायचो, गोळा करायचो, आणि भावाचा शेवटचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलायचा नाही.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि हसले. "कॅन्सर नाही. रक्त मूळव्याधीचंच होतं, त्याला औषध देतो. पण हा कोंब आत राहिला असता तर पुढे-मागे त्याचा कॅन्सर होऊ शकला असता. आता तो गेला. काही वर्षांनी पुन्हा एकदा बघू."

माझे डोळे भरून आले. मी डॉक्टरांचे हात धरले आणि काहीबाही बोलत सुटलो. माझं बोलणं संपल्यावर वहिनींनी विचारलं, "डागदरसाहेब, आमच्या मालकाला बी आधी असाच कोंब असंल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बहुतेक असेल."

"तवाच नळी घातली असती तर असाच निघाला असता?"

"वेळेवर सापडला असता तर निघाला असता, ताई."

वहिनींनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं पुसलं. भाऊ गेल्यापासून त्या माझ्यासमोर कधी रडल्या नव्हत्या. मग त्यांनी खुर्ची जराशी पुढे ओढली.

"माझं पोरगं पुण्याला ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "त्याला कवा घेऊन येऊ?"