मान असलेली बाटली

माझी लेक सहा महिन्यांची होत आली तेव्हा घरात तीन बाटल्या होत्या आणि तिला त्यांतली एकही मान्य नव्हती. माझी रजा संपत आली होती. रोह्याजवळच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. पेणहून जायचं-यायचं म्हणजे सकाळी घराबाहेर पडलेली बाई दिवेलागणीलाच परत. तोवर लेकीनं माझ्यावाचून दूध प्यायला हवं होतं, नाहीतर राजीनामा. आणि तो मला द्यायचा नव्हता. भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, आता कशाला जातेस नोकरीला, आणि मी हसून चहा ठेवायला उठायचे. खरं सांगायचं तर मला लॅबची, तिथल्या काचेच्या भांड्यांची, अगदी तिथल्या उग्र वासाचीसुद्धा आठवण यायची.

पहिली बाटली बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानातून आणली. साधी, सडपातळ, स्वस्त. "अख्खं पेण हिच्यावर वाढलंय, ताई," दुकानदार म्हणाला. लेकीनं निपल तोंडात घेतलं, थोडं चघळलं आणि फसवणूक पकडल्यासारखं माझ्याकडे बघितलं. दुसरी नवऱ्यानं ऑनलाइन मागवली. रुंद तोंडाची, गोलमटोल, खोक्यावर छापलेलं होतं 'अगदी आईसारखी'. सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिसरी घाबरून मीच आणली, मधेच वाकलेली. म्हणे पोटात हवा जात नाही. हवा कशी जाणार, दूधच जात नव्हतं.

मग कुणीतरी सांगितलं की बाळाला आईचा वास लागतो. झालं, नवऱ्यानं माझा गाऊन अंगात चढवला. मी मागच्या दाराआड लपून बघत होते. गाऊन त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचत होता आणि खाली त्याच्या केसाळ पोटऱ्या दिसत होत्या. लेक आधी टकमक बघत राहिली, मग तिनं असं भोकाड पसरलं की सासूबाई हातातली भाजी टाकून धावत आल्या.

"शिमगा लांब हाय अजून," त्या लेकाला म्हणाल्या. "काढ ते."

सासूबाई खाडीकाठच्या. तरुणपणी मिठागरावर राबलेल्या, डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या. बाटलीला त्यांची ना नव्हती. त्यांची काळजी वेगळीच होती. मी काढलेलं दूध बाटलीत भरून फ्रीजच्या दारात ठेवायचे आणि घरात येणारा-जाणारा थंड पाण्यासाठी तेच दार उघडायचा.

"बाईचं दूध असं उघड्यावर कोन ठेवतं गो?" त्या म्हणाल्या. "नजर लागेल नाय तर काय."

मी म्हटलं, आई, बाटलीला कसली नजर. त्यावर त्या आपल्या कामाला लागल्या, म्हणजे त्यांनी ऐकलं असं मी समजले. दुसऱ्या दिवशी मोरीतून येते तो गॅसवर बाटल्यांचं पातेलं रटरटत होतं आणि आतलं पाणी काळंशार. सासूबाईंनी तिन्ही बाटल्यांसाठी काळा दोरा आणला होता. बाटलीला लागणारी प्रत्येक वस्तू उकळून घ्यायची, हा माझा कायदा. त्यांनी तो इमानदारीनं पाळून दोराही बाटल्यांबरोबर उकळला होता. दोऱ्यानं रंग सोडला आणि सगळी निपलं राखाडी झाली.

माझं डोकं फिरलं. मी बरंच बोलले.

"तूच म्हनालीस, सगलं उकलून घ्यायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. नवरा म्हणाला, "बघ, लागली की नाही नजर," आणि नवी निपलं आणायला निघून गेला.

सासूबाईंनी हट्ट सोडला नाही, फक्त दोरा सोडला. लेकीच्या बारशातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या तिला आता घट्ट होत होत्या. त्यातली एक त्यांनी नीट उकळली. तिचा रंग जाईना, मणीही पक्के ओवलेले. ती त्यांनी बाटलीच्या मानेत अडकवली. गोलमटोल बाटलीला मानच नव्हती, मनगटी चढेचना. वाकड्या बाटलीवरून ती घसरायची. राहिली ती औषधांच्या दुकानातली स्वस्तातली. तिला मान होती.

लेकीनं ती बाटली पाहिली, हात पुढे केला आणि मणी मुठीत धरले. मी दाराआड होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अंगावर पिताना ती माझं मंगळसूत्र असंच मुठीत धरते, ओढते, पिळते, आणि मी रोज तिचा हात सोडवत असते. मणी मुठीत घेऊन ती दोन-चार घोट प्यायली. मला इतका आनंद झाला की मी दाराआडून बाहेर आले, आणि मला बघताच तिनं बाटली ढकलून दिली.

एवढ्या दोन-चार घोटांच्या भरवशावर मी कामावर रुजू झाले. गाडीनं कासू स्टेशन सोडलं तेव्हाच मला परत फिरावंसं वाटत होतं. निडी गेलं आणि मी स्वतःला दटावलं, आता रोहाच. दुपारी बायकांच्या खोलीत दूध काढता काढता घरी फोन लावला.

"प्यायली गो, सगली बाटली संपवलीन," सासूबाई म्हणाल्या. "तू तुजं काम बघ."

मी निवांत झाले, आणि लगेच रुसलेही. इतक्या लवकर?

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तशी लेक माझ्यावर झेपावली आणि अशी प्यायला लागली की थांबायचं नाव नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"खोटं बोलले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दोन घोट घेतलेन नि थुंकली. मग चमच्यानं पेज भरवली. उपाशी नाय ठेवली मी."

"मग सांगायचं ना, आई."

"सांगितलं असतं तं रडत माघारी आली असतीस. मी आलेवते तशी, तुजा नवरा लहान असताना. परत मला मिठागरावं कोनी बोलावलं नाय." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "उद्या पिईल. नाय तर परवा. तू जा."

मी गेले. पुढचे दिवस दुपारच्या फोनवर एकच उत्तर, प्यायली. खरं की खोटं, हे संध्याकाळी लेकीच्या भुकेवरून मला कळायचं, आणि आपलं खोटं मला कळतं हे सासूबाईंनाही ठाऊक असायचं. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नव्हतो.

आठवडा सरत आला असताना एका संध्याकाळी मी घरी आले, चप्पल काढली आणि हात पुढे केले. लेक सासूबाईंच्या मांडीवर बसली होती. तिनं मला पाहिलं, छान हसली, आणि पुन्हा हातातली रिकामी वाटी आपटत खेळायला लागली. तिला भूक नव्हती. पोट भरलेलं होतं. दुपारचं 'प्यायली' त्या दिवशी खरं होतं.

नोकरी वाचली होती. हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. तिथेच उंबऱ्यापाशी उभी राहून मी पदरानं डोळे पुसत राहिले.

"आता काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्यावाचून चालतं तिला," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या लेकाकडे मान केली. तो टीव्हीसमोर बसून माझ्या हातचा चिवडा खात होता.

"ह्यो पन एक दिवस माज्या हातचं सोडून तुज्या हातचं गोड मानून खायला लागला," त्या म्हणाल्या. "मी रडले काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी नातीला उचलून माझ्या कडेवर दिलं.

"रडलेवते थोडी," त्या म्हणाल्या.