फक्की स्कूटरच्या बाहेरून गेली

आमच्या गावच्या मंडईत माझी स्कूटर मनाई रेषेच्या आत उभी नव्हती. मनाई रेष माझ्या स्कूटरच्या बाहेरून गेली होती. हा फरक माझ्या मुलाला समजत नाही, सुनेला समजत नाही, आणि पत्नीला तर माझे काहीच गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत समजलेले नाही. घरी कोणी आले, की तिघेही आपापली हकिगत रंगवून सांगतात. म्हणून ही अधिकृत हकिगत.

दिवाळी सरली, की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. दुकाने, दंडारीचा सोंगा-नाचाचा खेळ, नाटक, आणि या सर्वांच्या आडून जुळणाऱ्या सोयरिकी! त्या वर्षी आमची नात प्राजक्ता हिला पाहायला आसगावचे पाहुणे यायचे होते. स्थळ उत्तम होते. मुलाचा फोटो पाहून नात राजी होती. घरादाराची एकच प्रार्थना होती, की आबाजींनी मध्ये बोलू नये. मला घराबाहेर ठेवण्यासाठीच मुलाने मंडई समितीला वाहनतळ माझ्याकडे सोपवायला सांगितले, असे म्हणतात. साफ खोटे! एकोणतीस वर्षे मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाखेरीज ते काम पेलणारे गावात होते कोण?

नाटकाच्या सामानाचा टेम्पो रंगमंचापर्यंत नेण्यासाठी शाळेसमोरची वाट मोकळी हवी होती. वाटेच्या कडेने चुन्याची पांढरी फक्की टाकायची, तर सरळ रेषेसाठी दोरी हवी आणि दोरीला खुंटी हवी. खुंटी नव्हती. मी दोरीचे एक टोक शाळेच्या फाटकाला आणि दुसरे माझ्या स्कूटरच्या हँडलला, बाहेरच्या अंगाने, बांधले. दोरी ढिली पडू नये म्हणून हँडल कुलूपबंद केले. फक्की पडली, ती सुतासारखी सरळ! स्कूटर आत राहिली, हे खरे. परंतु त्या क्षणी ती वाहन नव्हतीच, मोजमापाचे साधन होती.

नियमही मीच केला : फक्कीच्या आतल्या वाहनाची किल्ली जप्त, आणि मालकाचे नाव भोंग्यावरून जाहीर. दुपारपर्यंत माझ्या डब्यात तेरा किल्ल्या जमल्या. गळ्यातली शिट्टी वाजवून वाजवून गाल दुखू लागले.

इतक्यात एका तरुणाने फक्कीच्या आत मोटारसायकल उभी केली. मागे एक वयस्क गृहस्थ. मी शिट्टी फुंकली.

"ए बाबू! फक्की दिसत नाही काय?"

"दोन मिनिटं गुरुजी, बाबूजीले उतरवून राहिलो. मी पन ट्राफिकमधीच आहो, भंडाऱ्याले."

वाहतूक पोलीस! आणि फक्कीच्या आत! माझ्यातला मुख्याध्यापक ताठ उभा राहिला.

"मग तर तू दुप्पट दोषी आहेस! ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्यानं नियम आधी स्वतः पाळावा, मग दुसऱ्यावर फुंकावी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोराने मान खाली घालून किल्ली दिली.

"बरोबर आहे गुरुजी, चुकलो." मग अतिशय नम्रपणे, "पन हे स्कूटर कोनाचं आहे जी?"

"ते साधन आहे."

"साधनाले नंबरप्लेट आहे जी."

टाळ्या वाजवणारेच आता पोट धरून हसू लागले. त्यात टेम्पो आला आणि हॉर्नवर हॉर्न! माझी किल्लीही त्यातच टाकली असणार, म्हणून मी डबा उघडला. चौदाही किल्ल्या लावून पाहिल्या, एकही लागेना. (प्रत्येक किल्ली तीनतीनदा लावली, असे सून सांगते. दोनदाच.) शेवटी तो पोरगा, त्याचे वडील आणि दंडारीतले दोन नट (पैकी एक लुगड्यात!) यांनी स्कूटर पालखीसारखी उचलून बाहेर नेली. मी पुढे चालून शिट्टीने मार्गदर्शन केले.

पत्नी धावत आली.

"अवो, शिट्टी कायले वाजवून राहिले? किल्ली तं शिट्टीच्याच दोरीले बांधली ना तुमी सकाळी!" मग तिची नजर पालखीच्या भोयांवर गेली. "अगा माय! हे तं आसगावचे पाहुने! पोराच्या हातानं स्कूटर उचलून घेतलं?"

पत्नीमागून आलेली प्राजक्ता फाटकाआड रडवेली. मला सुचला तो माझाच नियम. मी भोंग्यापाशी गेलो आणि स्वतःचे नाव, पदवीसह, जाहीर केले. (माझ्या मुलाने माइक माझ्या हातात कोंबला, हे खोटे. त्याने तो जरा जोरात दिला.)

नवऱ्यामुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "जो म्हातारा सोताचंच नाव पुकारते, त्याच्या घरची पोरगी वाकडी कशी निघन? आमाले पसंत आहे!"

म्हणजे सोयरीक माझ्यामुळे जुळली. घरात हे कोणी मान्य करत नाही.

लग्न आसगावला झाले. नातजावयाने मांडवाच्या दारात फक्कीचा खास चौकोन आखून त्यात माझे नाव लिहिले होते. मी सर्वांदेखत स्कूटर त्यात लावली. मागचे चाक बाहेर राहिले, असे आता ते चौघे मिळून सांगतात. चाक जागच्या जागी होते. चौकोन आखूड होता!