भोईरांच्या हाताखाली दर्शनाने लिहिलेला प्रश्न

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर आमदारांचं जनसंपर्क कार्यालय होतं. पाटीवर नाव आमदारांचं, पण जिना चढून आलेला माणूस आधी विचारायचा, भोईर आहेत का? बदलीचा अर्ज असो की हॉस्पिटलातली खाट, पत्राचा मजकूर प्रफुल्ल भोईर लिहायचे आणि साहेब सही करायचे. अशी चोवीस वर्षं गेली. भोईर डोंबिवलीजवळच्या गावातले. वडील मिठागरावर राबलेले. पुढे जमिनींवर इमारती उठल्या, चुलतभाऊ मोठ्या गाड्यांतून फिरू लागले; यांना मात्र कागदाचा नाद. बायको बायजा म्हणायची, लग्न माझ्याशी केलं आणि नांदताय फायलींबरोबर.

भोईरांचा खरा हातखंडा विधानसभेच्या प्रश्नांत होता. अधिवेशन जवळ आलं की ते कपाट उघडायचे, वर्षभर बाजूला काढलेल्या तक्रारी टेबलावर पसरायचे आणि एकेकीचा प्रश्न बांधायचे. प्रश्न गेला, छापील उत्तर आलं, की फाइल बंद. पुढे काय झालं ते बघायला सवड कुणाला होती?

२०१५च्या मे महिन्यात कल्याणच्या एका कॉलेजातून दर्शना शेजवळ नावाची मुलगी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला आली. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, विठ्ठलवाडीला राहणारी. आई शाळेत शिपाई. इंटर्नशिप हा शब्दच तेव्हा कार्यालयात नवा होता. हिला काय काम द्यावं हे न कळून भोईरांनी जुन्या पत्रांचे गठ्ठे पुढे केले आणि वर्षांप्रमाणे लावायला सांगितलं. चार दिवसांत गठ्ठे लागले. पाचव्या दिवशी तिने एक यादी आणून ठेवली: उत्तरच न गेलेली एकशे चाळीस पत्रं. भोईरांना आधी राग आला, मग लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून उत्तरं लिहायला बसले.

दुपारी जिन्यावरची वर्दळ थांबली की डबे उघडायचे. बायजाने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी भोईर तिच्यापुढे सरकवायचे, ती आईच्या हातची वांग्याची भाजी. पंख्याखाली कागद फडफडायचे. त्यांच्यावर ठेवायला दर्शनाने खालच्या डॉक्टरांकडून औषधांच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या होत्या.

जूनच्या सुरुवातीला तिने दोन पानं लिहून आणली. तिची मैत्रीण माया एका सरकारी मुलींच्या वसतिगृहात राहत होती. तिथल्या अभ्यासिकेला तीन वर्षं कुलूप होतं, कारण टेबल-खुर्च्याच आल्या नव्हत्या. मुली जिन्यात बसून अभ्यास करत. दर्शनाने त्यावर आग ओकली होती.

"अगं, हा लेख झाला," भोईर म्हणाले. "यात प्रश्न कुठाय?"

"सर, राग यायला नको का?"

"यावा ना. पण कागदावर राग दिसला की लोक कागदच बाजूला ठेवतात. तू एवढंच विचार, अभ्यासिका तीन वर्षे बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? मग त्यांना काहीतरी लिहावंच लागतं."

सहा वेळा तिने मजकूर बदलला. सहाव्या वेळी भोईरांनी फक्त एक स्वल्पविराम खोडला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

जुलैत अधिवेशन भरलं, तेव्हा तिचे दोन महिने संपून गेले होते. प्रश्न छापील यादीत आला, पण सभागृहात त्याची पाळी आलीच नाही. फक्त लेखी उत्तर मिळालं. भोईरांनी तिला बोलावून घेतलं. उत्तरात होतं, हे अंशतः खरे आहे, साहित्य पुरवठ्याची कार्यवाही सुरू आहे.

दर्शनाने ते दोनदा वाचलं. "कुलूप अंशतः लागतं का, सर?"

भोईरांना हसू आलं आणि लगेच मावळलं. वीस वर्षांत असली शेकडो उत्तरं त्यांनी फाइलला लावली होती, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांनी चष्मा खिशात घातला आणि म्हणाले, "चल, बघून येऊ."

रिक्षाने दोघं वसतिगृहावर गेले. अभ्यासिकेचं दार उघडं होतं. नव्या टेबलांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं, एक ट्यूबलाइट बंद, आणि अकरा मुली वाचत बसलेल्या. अधीक्षिका म्हणाल्या, आठवड्यापूर्वी वरून अचानक फोन आला आणि टेम्पो भरून सामान आलं. का आलं कोण जाणे. मुलींना वाटत होतं, नव्या अधीक्षिकाबाईंनीच सगळं केलं. आता ही पोरगी बोलणार, असं भोईरांना वाटलं. पण पुस्तकात बोट धरून बसलेल्या एका मुलीकडे दर्शना नुसती पाहत राहिली आणि मुकाट्याने बाहेर आली.

फाटकापाशी ती म्हणाली, "सांगावंसं वाटलेलं."

"मलापण," भोईर म्हणाले. आपण लिहिलेल्या ओळीचं कुठेतरी टेबल बनतं, हे ते पहिल्यांदाच बघत होते.

त्यानंतर दर अधिवेशन संपलं की भोईर शनिवारी एकटेच निघायचे. कुठे पाण्याची टाकी, कुठे दवाखाना, उत्तरात लिहिलेलं झालं का ते बघायला. बऱ्याच ठिकाणी झालेलं नसायचं. मग पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा जायचा.

२०१९ला साहेब निवडणुकीत पडले आणि कार्यालय बंद झालं. आज तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दर्शना आता कॉलेजात शिकवते. तिचे विद्यार्थीही सरकारी कार्यालयांत इंटर्नशिपला जातात. निघण्याआधी एका रविवारी ती त्यांना डोंबिवलीला भोईरांच्या घरी पाठवते. बाल्कनीत चौघं-पाचजण दाटीवाटीने बसतात, बायजा चहा देते, आणि भोईर लाल पेनाने त्यांनी सरावाला लिहिलेल्या प्रश्नांचे मसुदे तपासतात. पोरं मोबाइलवर टाइप करतात, भोईर कागदच मागतात.

संध्याकाळी पोरं गेली की भोईर कप उचलायला बायजाला मदत करतात. नौपाड्यातल्या त्या खोलीत या वेळेला खालच्या दवाखान्यातून डेटॉलचा वास वर यायचा, असं ते तिला सांगतात. ती म्हणते, मागच्या रविवारीही सांगितलंत. तरी ऐकून घेते.