बहिणीची साखर वेगळी होती

माझी धाकटी बहीण सोयगावला दिलेली. तिथल्या अंगणवाडीत मदतनीस, एकोणतीस वर्षांची, दोन मुलींची आई. तिला साखर निघाली तेव्हा मी घाबरलो नाही. उलट वाटलं, यातलं आपल्याला सगळं कळतं. मला सहा वर्षांपासून साखर आहे. दिवसभर इथं शहरात, गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात उभा असतो, पहाटे चालतो, भात सोडला, दोन गोळ्या घेतो. माझा रिपोर्ट नेहमी चांगला येतो, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

गावच्या डॉक्टरांनी तिला माझ्यासारख्याच गोळ्या दिल्या. साखर उतरेना. मी फोनवर विचारायचो, "आज काय खाल्लंस?"

"एक भाकर अन् शेपूची भाजी."

"अन् लेकींच्या ताटातलं?"

ती विषय बदलायची. मला वाटायचं, चोरी पकडली.

हिवाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा तिच्या ब्लाउजला दोन्हीकडून पिना लावलेल्या होत्या. जन्म कापड मोजण्यात गेलेला माणूस मी. किती वाळली ते मला एका नजरेत कळलं. दर अर्ध्या तासाला तांब्याभर पाणी प्यायची. "दादा, लई तहान लागती रं. पायात जीवच नाय," म्हणाली. माझी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, हे काही वेगळंच दिसतंय. मोठ्या दवाखान्यात दाखवा." मी बहिणीला एवढंच सांगितलं, "तोंडावर ताबा ठेव." ती मान हलवून परत गेली, आणि तिनं रात्रीचं जेवणच सोडलं.

महिन्याभरानं एका दुपारी दाजींचा फोन आला. "सकाळपासून उलट्या व्हायल्यात. पोट धरून बसलीय. श्वास तर असा घेतीय, जसं काही डोंगर चढून आलीय."

"जीप करा अन् इकडं आणा," मी ओरडलो.

तीन तास मी दवाखान्याच्या फाटकात उभा होतो. जीपमधून उतरवताना तिचं तोंड माझ्या खांद्यावर पडलं. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. तिनं मला ओळखलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इन्सुलिन कधी बंद केलं?"

"चालूच नव्हतं. साखर आहे, माझ्यासारख्याच गोळ्या घेते."

त्या घाईनं आत गेल्या.

दोन दिवस ती सलाइन आणि इन्सुलिनवर होती. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर बाईंनी मला समोर बसवलं. "तुमच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. तो टाइप टू. त्याला गोळ्या, चालणं, पथ्य लागू पडतं. पुढं कधी तुम्हालाही इन्सुलिन लागू शकतं. हिचा टाइप वन आहे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हिच्या शरीरानंच मारल्यात. मोठेपणीही होतो हा. इन्सुलिन मिळालं नाही तर ही जगणार नाही."

"म्हणजे खाण्यामुळं…"

"खाण्यामुळं झालेलंच नाही."

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. हे सगळं तिला मीच सांगायचं ठरवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग म्या उपाशी का राहिले, दादा?"

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं हात पांघरुणात ओढून घेतला.

ती वाचली. दिवसातून चार सुया स्वतः टोचून घेते. सासूबाई अजून म्हणतात, सुईची सवय लागती, कडू काढा घे. दोनदा सोयगावला जाऊन मी त्यांच्या पाया पडलो, एक दिवसही सुई चुकवू देऊ नका म्हणून. उन्हाळ्यात तिकडची लाईट तासन्‌तास जाते. मग दाजी इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या मडक्यात ठेवतात. त्या तेवढ्यानं टिकतात की नाही, या काळजीनं मी इथं दुकानात कापड फाडताना मापं चुकतो.