शेकाटीमागचं इंजिन

मच्छिंद्र सोनकांबळे उमरग्याजवळच्या एका गावी दूध सोसायटीत फॅट तपासायचा. सोलापुरातून त्यानं जुना कॅमेरा आणि लांब नळीची स्वस्तातली लेन्स आणली होती. तिच्यात मधलं तेवढं स्वच्छ यायचं, बाकी भुरकट. म्हणून पाणपक्ष्यांच्या जवळ तो चिखलात पोटावर सरकत जायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तलावाचं डबकं झालं. उरलेलं पाणी गावाला प्यायला राखलेलं, उपसा बंद. काठाला शेकाटीनं चार अंडी घातली होती. लाल काड्यांसारखे पाय दुमडून ती घरट्यावर बसली, मच्छिंद्रनं बटण दाबलं, आणि तेवढ्यात मागं काहीतरी दिसलं. तोडून टाकलेल्या बाभळीच्या फांद्यांखाली डिझेल इंजिन होतं. पाइप सोसायटीच्या चेअरमनच्या उसाकडं गेला होता.

पाठीमागं वाळका गाळ करकरला. चेअरमनचा माणूस बंडप्पा कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"नळीतनं काय बघायलास रं?"

"पाखरं," मच्छिंद्र म्हणाला.

"पाखरंच बघ. दुसरं काय दिसलं तर डोळं जात्याल."

त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं लेन्स हळूच खाली दाबली आणि निघून गेला.

मच्छिंद्रनं रोल पेटीत कपड्यांखाली लपवला. रोज सकाळी बंडप्पा सोसायटीच्या दारात येऊन उभा राहायचा. नोकरी जाईल, वस्ती गावाबाहेर, पोरगी एकटी शाळेत जाते, हेच मच्छिंद्रच्या डोक्यात.

पाचव्या दिवशी बायको द्वारकाबाई रिकामी घागर घेऊन परतली. तलावाचं पाणी खाली गेलं तसा वस्तीच्या आडातही नुसता गाळ उरला होता. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, "भ्या मला बी वाटतंय. पर तहानेनं बी मरायचंच हाय की."

उमरग्याच्या पंचाक्षरी फोटोवाल्यानं रोल धुतला. शेकाटीचं पीस न् पीस स्पष्ट आलं होतं. इंजिन मात्र काळा डाग. फोटो तहसीलदारांना निनावी पाठवायचा बेत तिथंच बुडाला. डाग कशाचा, हे कुणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं.

तहसीलदारांनी फोटो उजेडात धरला. "हे काय आहे?"

"इंजिन, साहेब."

"कुणी बघितलं?"

मच्छिंद्रनं टेबलाची कड घट्ट धरली. "म्या बघितलं."

दुसऱ्या दिवशी इंजिन जप्त झालं. आठवड्यात सोसायटीनं मच्छिंद्रला कामावरून काढलं. तो पंचाक्षरीकडं पासपोर्ट फोटो काढायला लागला. कुणी अंगाला हात लावला नाही, तरी रस्त्यात मागून पावलं वाजली की तो कडेला सरून उभा राहायचा.

तलावावर तो पुन्हा एकटा गेला नाही. तो कॅमेरा घेऊन चिखलात पोटावर पडायचा. द्वारकाबाई बांधावर उभी राहून चारी दिशांना बघत असायची.